काढता येईल असा पुतळा

चौकातल्या चौथऱ्यावर दोन बूट उभे होते. ब्राँझचे, घोट्यापर्यंतचे, नाड्या नीट बांधलेले, आणि त्यांच्यात माणूस नव्हता. दोन वर्षं होऊन गेली तरी ते तिथेच होते, कारण ते निघतच नव्हते. पालिकेने पहारी घेऊन माणसं पाठवली, मग मशीन पाठवलं. मशीनचं पातं मोडलं, पण बुटांनी काही दाद दिली नाही. शेवटी पावसाचं पाणी त्यांत साचून चिमण्या अंघोळ करायला लागल्या, तेव्हा पालिकेने त्यांचा नाद सोडून दिला. इतके घट्ट ते बसवले होते ओळंबाकाकांनी.

ओळंबाकाका म्हणजे पाथरवट. भिंत सरळ उभी आहे का, हे बघायला गवंडी दोरीला वजन बांधून खाली सोडतो, त्याला ओळंबा म्हणतात. काकांच्या खिशात तो कायम असायचा आणि स्वतःही ते तसेच चालायचे, नाकासमोर. कुणीतरी कधीतरी चेष्टेने हाक मारली आणि ती चिकटली. बायको होती तोवर तीसुद्धा म्हणायची, "आमच्या ओळंब्याला सांगा, चहा झालाय." आता ती नाही. घरात काका, त्यांची लेक आणि लेकीची लेक, एवढीच माणसं.

आता बुटांचं काय ते सांगायचं, तर आधी चौथऱ्याचं सांगायला हवं.

चौथरा काकांच्या वडिलांनी बांधला. त्यावर पहिला बसला तो घोड्यावरचा एक सरदार. त्याने कुठली लढाई जिंकली ते मला विचारू नका, घोड्यालाही ठाऊक नसेल. तर हा घोडा वडिलांनी शिशात बसवला. पुतळ्याच्या पायाखाली खुंटे असतात, दगडात त्यांच्यासाठी भोकं पाडायची, खुंटे आत सोडायचे आणि भोवती वितळलेलं शिसं ओतायचं. झालं. पण वडिलांची एक रीत होती. भोकाच्या तळापासून ते दगडात एक बारीक पन्हळ काढायचे, चौथऱ्याच्या बाजूला बाहेर पडणारी, आणि तिला मातीचं बूच मारून ठेवायचे. पुतळा काढायची वेळ आली की बूच फोडायचं, गॅसची ज्योत लावायची, शिसं आपलं वाहून बाहेर येतं आणि पुतळा सुटा होतो. मग साखळीच्या कप्पीने अलगद खाली घ्यायचा. ना दगड फुटत, ना पुतळा, ना कुणाचं डोकं.

तरुणपणी काकांनी वडिलांना विचारलं होतं, "आत्ताच बसवतोय आणि काढायचा विचार आत्ताच कशाला?" वडील म्हणाले, "बसवणारे आपण, काढणारेही आपणच असू. नसलो तर आपल्यासारखंच कुणीतरी असेल. त्याचे हाल कशाला करायचे?"

आणि झालंही तसंच. दिवस बदलले, सरदार नकोसा झाला. एका सकाळी बाप-लेकांनी दोन हमाल घेऊन घोडा खाली उतरवला आणि पालिकेच्या गोदामात नेऊन ठेवला. लोक येऊन बघून गेले, कुणी कामाला गेलं, कुणी दुकान उघडलं. मग हातात पुस्तक घेतलेले एक दाढीवाले विद्वान आले. काही वर्षांनी तेही गोदामात गेले, घोड्याच्या शेजारी. दर वेळी भाषणं नवी, फुलं नवी. शिसं तेवढं तेच. वडील ते परातीत गोळा करून घरी आणायचे आणि पुढच्या पुतळ्याला तेच वितळवून वापरायचे.

तिसरा पुतळा आला तो साहेबांचा. साहेब म्हणजे त्या वेळी ज्यांचं राज्य होतं ते. स्वतः जिवंत असताना स्वतःचा पुतळा, म्हणजे बघा. तोवर वडील गेले होते आणि काम काकांकडे आलं होतं. राजधानीतून एक इंजिनिअर आला, गोरागोमटा, बोलायला मोठा गोड. काकांनी शिशाची गोष्ट काढली तेव्हा तो हसला.

"काका, शिसं काढण्यासाठी असतं. हा काढायचा नाहीये."

"आज नाही काढायचा. पण पुढे कधी..."

"पुढे काही नाही. शाळेत राजे, लढाया, बंडं शिकलात ना? ते सगळं आपण इथवर पोचावं म्हणून होतं. पोचलो. इतिहास संपला आता. यापुढे नुसतं चांगलं चांगलं होत जाणार, बदलायचं काही उरलं नाही."

घरी येऊन काकांनी हे बायकोला सांगितलं. ती भांडी पुसत होती. म्हणाली, "संपला का? बरं झालं. मग उद्या भाजी आणायची की नाही, तेवढं विचारून घ्या त्याला."

बायको हसली, पण काकांना आतून गुदगुल्या झाल्या होत्या. बापजन्मात कुणी त्यांच्याकडे कायमचं काम मागितलं नव्हतं. सगळी उमर बसवा आणि काढा यातच गेलेली. आता कुणीतरी म्हणत होतं, असं करा की कधी निघणारच नाही. काकांनी जीव ओतून काम केलं. हातभर खोल भोकं, आत आकडे वळवलेल्या पोलादी सळया, त्यावर सिमेंट. पन्हळ काढली नाही. इंजिनिअरने पुतळ्याला दोन्ही हातांनी हलवून बघितलं आणि म्हणाला, "काळ्या दगडावरची रेघ!" फोटोही काढला. वडिलांचं शिसं काकांनी छपरीत पोत्याखाली सरकवून दिलं.

मग काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. संपलेला इतिहास एक दिवस उठला आणि धावत सुटला. सकाळी रेडिओवर एकाचं सरकार, दुपारी दुसऱ्याचं, संध्याकाळी नुसतं संगीत. पोलिसांनी टोप्या बदलल्या, मग टोप्याच काढून टाकल्या. लोक म्हणायचे, पंधरा दिवसांत पन्नास वर्षं उरकली. असेलही. पण पावाच्या रांगेत पूर्वीइतकाच वेळ लागत होता आणि काकांच्या लेकीच्या पोटातलं पोर आपल्याच चालीने वाढत होतं. त्याला कुणी घाई करू शकलं नाही.

जावई गॅरेजमध्ये कामाला होता. हसरा पोरगा, हाताला कायम ग्रीस, काकांशी बरोबरीच्या मित्रासारखा बोलायचा. पुतळ्याच्या गळ्यात दोर कुणी टाकायचा, हा प्रश्न आला तेव्हा गाठ मारता येते म्हणून तोच वर चढला. गाठ मारली, उतरला आणि दोर ओढणाऱ्यांत सगळ्यांत पुढे उभा राहिला. काका चौकाच्या कडेला, न्हाव्याच्या दुकानाच्या पायरीवर होते. गर्दीने दोर ओढला. पुतळा हलला नाही. पुन्हा ओढला. पुन्हा नाही. आणि मग घोट्यापाशी कटकन आवाज झाला, बूट जागीच राहिले आणि बाकीचा पुतळा तोंडघशी पडला.

जखमी पुष्कळ झाले. मेला एकच. पोर जन्माला आलं ते त्यानंतर चार महिन्यांनी.

लेक रडली, मग रडायची थांबली, मग दप्तरं शिवायच्या कारखान्यात कामाला लागली. तिच्या लेखी नवऱ्याला साहेबांनीच मारलं होतं, जाता जाताही. काकांनी ती समजूत कधी खोडून काढली नाही. तोंडाला कुलूप लावून ते दगड फोडत राहिले. सकाळी नात ओळंब्याची दोरी ओढत अंगणभर फिरायची, आणि तिला ती ओढताना बघून काका ओळंबा काढून घेऊन पुन्हा खिशात टाकायचे.

दोन वर्षांनी मास्तर घरी आले. मास्तर शाळेत इतिहास शिकवायचे, काकांच्या लेकीलाही त्यांनीच शिकवलेलं. साहेबांच्या काळात भलता धडा शिकवला म्हणून तुरुंगात गेले आणि परत आले तेव्हा त्यांचा उजवा हात चहाचा कप धरतानाही स्थिर राहत नव्हता. आता ते स्मारक समितीचे चिटणीस होते. भला माणूस, त्यात वाद नाही.

"काका, चौथऱ्यावर नवा पुतळा बसवायचाय," ते म्हणाले. "दोर ओढणाऱ्या माणसाचा. शिल्पकाराने चेहरा तुमच्या जावयाचा घेतलाय, फोटोवरून. तुमच्या लेकीनेच फोटो दिला."

काकांना हे नवीन होतं. लेक स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, तिने मान डोलावली.

"वरचा दगडच बदलावा लागेल," काका म्हणाले. "बूट त्याच्याबरोबर जातील. नवा दगड मी घडवतो. पुतळा शिशात बसवू."

"शिशात का? सिमेंटमध्ये का नको?"

"शिशातला काढता येतो."

मास्तर पुढे सरकून बसले. मग म्हणाले, "काका, आता नव्याने सुरुवात आहे. पहिलं पान. मी मुलांना पुस्तक पहिल्यापासून शिकवणार आहे. उद्या कुणी येऊन हा पुतळा काढावा म्हणून मी आत खडी फोडली नाही."

"कुणी येईल की नाही ते मला कळत नाही, मास्तर. चौथरा तोच आहे, माणसंही तीच आहेत. आलंच कुणी, तर खाली कोण उभं असेल, एवढंच मी म्हणतो."

"बाबा," लेक दारातून म्हणाली, "तो हलता कामा नये. मी मास्तरांना तेच सांगून आलेय. माझी पोरगी मोठी झाल्यावर तिने तिच्या बापाला कुठे बघायचं? गोदामात? घोड्याच्या शेजारी?"

मास्तर उठले. जाताना दारात थांबून हळूच म्हणाले, "समितीला मी सांभाळीन. पण चेहरा तिच्या माणसाचा आहे. तिचं हो आणा, शिशात बसवू. ती नाही म्हणाली, तर सिमेंट."

आता काकांचा हात दगडाखाली सापडला होता. सिमेंट कालवलं असतं, तर कुणी बोट दाखवलं नसतं. लेक खूश, मास्तर खूश, सरकार खूश. गप्प बसायची सवय होतीच. पण नव्या दगडात भोकं पाडताना छिन्नी प्रत्येक वेळी त्यांना तेच विचारायची, खाली कोण उभं असेल? आणि लेकीचं हो मिळवायचं, तर तिला का ते सांगावं लागणार होतं. ते सांगितलं की ती राहील कशाला? दुसऱ्या गावी तिचं सासर होतं, सासू दर महिन्याला बोलवत होती. काकांना या जगात दोन माणसं होती आणि ती दोन्ही एकाच ट्रंकेनिशी जाऊ शकत होती.

सुट्टीच्या दिवशी दुपारी लेक अंगणात धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. नात पायरीवर झोपली होती. काका समोर येऊन बसले.

"तुला एक सांगायचंय. मध्ये बोलू नकोस, नाहीतर मला सांगता येणार नाही."

तिने घडी मांडीवर ठेवली.

"साहेबांचा पुतळा मी बसवला. आजोबांच्या रीतीने बसवला असता, तर चार माणसांनी तो खाली घेतला असता. कुणाला दोर लावावाच लागला नसता. मी सिमेंटमध्ये बसवला, आकडे घालून. म्हणून तो मुळातून निघाला नाही. म्हणून घोट्यात मोडला आणि खाली आला."

लेकीने पायरीवर झोपलेल्या पोरीकडे बघितलं. मग विचारलं.

"तुम्ही तिथे होतात. तो मोडणार हे तुम्हाला कळलं होतं?"

"कळलं होतं."

"ओरडलात?"

"ओरडलो."

"मग?"

गर्दीचा आवाज फार होता, असं म्हणता आलं असतं. आवाज होताही. ओळंबाकाकांनी खिशातल्या ओळंब्यावर मूठ आवळली.

"उशिरा ओरडलो. पहिल्यांदा ओढला आणि तो हलला नाही, तेव्हा मला बरं वाटलं. सगळं गाव जोर लावतंय आणि माझं काम निघत नाही, म्हणून. तेवढाच वेळ. पण तेवढा वेळ गेला."

लेकीने मांडीवरची घडी मोडली आणि पुन्हा घातली. ती वाकडी झाली.

"हे सांगायला दोन वर्षं लागली तुम्हाला," ती म्हणाली.

"तू जाशील म्हणून."

ती उठून आत गेली. संध्याकाळी तिने पलंगाखालची ट्रंक ओढून बाहेर काढली आणि दाराशी ठेवली.

त्यानंतर घरात आवाज असायचा तो फक्त पोरीचा. "आजोबा, जेवा," असं ती येऊन सांगायची, म्हणजे समजायचं की ताट वाढलंय. लेक काकांशी बोलत नव्हती. जात मात्र नव्हती, आणि राहतेय असंही नव्हतं. ट्रंक रोज थोडी भरत होती. आधी पोरीचे हिवाळ्यातले कपडे गेले, मग शिवणाचा डबा, मग भिंतीवरचा नवऱ्याचा फोटो. खिळा तेवढा राहिला. काका जेवताना त्या खिळ्याकडे बघायचे आणि घास गिळायचे.

त्यांनी तिला पुन्हा विचारलं नाही. कुठल्या तोंडाने विचारणार! पण नव्या दगडात भोकं पाडून झाल्यावर त्यांनी प्रत्येक भोकाला पन्हळ काढली. हो आलं नाही, तर सिमेंट पडणारच होतं. पन्हळी बुजून गेल्या असत्या, एवढंच.

बसवायच्या दिवशी काका उजाडताना उठले, तेव्हा दाराशी ट्रंक नव्हती. आतल्या खोलीत अंथरुणं गुंडाळून ठेवलेली. चुलीवर त्यांच्यासाठी चहा झाकून ठेवला होता आणि तो थंड झाला होता. काकांनी तो तसाच प्यायला. मग छपरीत गेले, पोत्याखालून वडिलांचं शिसं काढलं, हातगाडीवर घातलं आणि चौकाकडे निघाले. नाकासमोर चालणारा माणूस, पण त्या दिवशी न्हाव्यालाही दिसलं, काका एका बाजूला कलले होते.

चौकात मास्तर आधीच आले होते. नवा दगड बसला होता, बुटांचा जुना दगड गाडीवर आडवा पडला होता. साखळीला पुतळा लटकत होता, दोर ओढणारा माणूस, पुढे वाकलेला, दात आवळलेले. शिल्पकाराने नाक जरा मोठं केलं होतं, पण तोच होता. एका बाजूला सिमेंटच्या गोण्या. काकांनी त्यांच्याकडे न बघता भट्टी पेटवली आणि कढईत शिसं टाकलं.

"काका," मास्तर म्हणाले, "तिचं हो आलं का?"

"नाही."

"मग?"

"वितळू दे. वितळायला लागतो तेवढा वेळ द्या मला."

मास्तरांनी कामगारांना हाताने थांबा म्हटलं. तो हात हलत होता, त्यामुळे कामगारांना नीट कळलं नाही आणि एकाने गोणी फोडली. शिसं आधी मळकट झालं, मग कडेने सुटलं, मग हळूहळू सगळी कढई चकचकीत झाली. आता आणखी थांबायला निमित्त नव्हतं. कामगार फावडं घेऊन काकांकडे बघत उभे राहिले.

बसथांब्याला जायची वाट चौकातूनच जाते. कारखान्यात हिशेब चुकता करून लेक त्या वाटेने आली, एका हातात ट्रंक, दुसऱ्या हाताला पोरगी. ती चौथऱ्याशी आली आणि ट्रंक खाली ठेवली. वर नवऱ्याच्या चेहऱ्याकडे तिने खूप वेळ बघितलं. मग कढईकडे. मग काकांकडे, इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

"हा काढायचा झाला, तर किती माणसं लागतील?"

"चार."

"दोर लागेल?"

"नाही. कप्पी पुरते."

"आणि खाली कुणाला उभं राहावं लागतं?"

"कुणालाच नाही," काका म्हणाले. मग त्यांनी पुन्हा सांगितलं, "खाली कुणी उभं राहायचं नसतं."

पोरगी साखळीकडे बोट दाखवत होती. लेकीने तिला चौथऱ्यापासून मागे ओढलं, चांगली दहा पावलं मागे, आणि आपल्याजवळ धरून ठेवलं.

"मग ओता, बाबा," ती म्हणाली, आणि ट्रंकेवर बसली.